प्लेगच्या जंतूची वंशावळ

आपल्यापैकी कित्येकांच्या आडनावांत एक गंमत दडलेली आहे. पणजोबा कोकणातून मॉरिशसला उतरले, कारकुनाने कानावर पडले तसे नाव लिहिले आणि ती चूक मुलानातवंडांकडे चालत आली. तीच चूक दोन घरांत आढळली, तर ती घरे एका मुळाची असावीत असा अंदाज बांधता येतो.

रोगजंतूंचे कूळही शास्त्रज्ञ असेच शोधतात. एका जंतूचे दोन होताना त्याच्या आनुवंशिक मजकुराची नक्कल होते. कधी एखादे अक्षर चुकते व ती चूक पुढील पिढ्यांत उतरते. देशोदेशीच्या जंतूंतील चुका जुळवल्या, की कोण कोणाचा वंशज ते कळते.

प्लेगचेच पाहा. १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांड्र येर्साँ यांनी त्याचा जंतू शोधला. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी हा रोग ओळखला. १८९८ साली तो मादागास्करला आणि १८९९ साली आपल्या बेटावर पोचला.

त्या काळी दोष माणसांच्या माथी मारला गेला. १८९७ साली पुण्यात सोजिरांनी घरे झडून लोकांना हैराण केले. रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी त्यानंतर, १८९८ साली कराचीत दाखवून दिले.

आता जंतूच साक्ष देतो. १९९९ साली मार्क आक्टमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की प्लेगचा जंतू हा पोटाचे विकार करणाऱ्या एका साध्या जंतूचा अलीकडचा वंशज आहे. २०१० सालच्या अभ्यासात मादागास्करमधील जंतू एकाच आगमनाची संतती असल्याचे आढळले. एकदा बंदरात उतरलेला पाहुणा तेथेच संसार थाटून बसला! २०१७ साली त्याच बेटावर दोन हजारांहून अधिक लोकांना प्लेगची लागण झाल्याची नोंद झाली.

मादागास्कर आपल्या शेजारीच आहे, म्हणून ही नुसती इतिहासाची गोष्ट नव्हे. वेळीच औषध मिळाले तर आज प्लेग बरा होतो. दडवून ठेवला तर जीव घेतो. जंतूला जात नाही, धर्म नाही. त्याने प्रवास केला तो जहाजांतून, उंदरांच्या संगतीने. म्हणून साथ आली की शेजाऱ्याकडे बोट दाखवू नये. घरातील उंदीर हटवावेत आणि आजाऱ्याला ताबडतोब डॉक्टरकडे न्यावे.