लाव्यांची वर्गवारी व एका जातीचा लोप

आपल्या नागपूर भागात शेतकरी ज्यास सरसकट लावा अथवा बटेर म्हणतो, तो एकच पक्षी नव्हे. तुरीच्या तासांतून एकदम भुर्रकन उठणारा थवा बहुधा लाव्यांचा असतो. बटेर पावसाळी गवतात एकटादुकटा वा जोडीने आढळतो. हे दोन्ही कोंबडी, मोर व तितर यांच्या कुळातले. तिसरा दुर्लाव हा दिसण्यात त्यांचा सख्खा भाऊ. परंतु त्याच्या पायास मागील बोट नसते, मादी नराहून अधिक रंगीत असते आणि अंडी नर उबवितो. शास्त्रज्ञांनी त्यास पूर्वी सारसाच्या गणात घातले होते. सांप्रत तो टिटवीच्या गणात धरला जातो. रूपावरून कूळ ठरविणे किती फसवे असते ते यावरून दिसेल.

हिमालयी लाव्याची हकीकत याहून चमत्कारिक आहे. इंग्लंडात लॉर्ड डर्बी यांच्या पक्षिसंग्रहातील जिवंत पक्ष्यांवरून १८४६ साली जॉन एडवर्ड ग्रे यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. पक्षी हिंदुस्थानातला, एवढेच ठाऊक; गाव-शिवाराचा पत्ता नाही. ग्रे यांनी त्यास मलायातील तुरेवाल्या तितराशेजारी बसविले. पुढे बोनापार्त यांनी त्याकरिता ओफ्रिसिया ही स्वतंत्र प्रजाती केली व तीत आजही तो एकटाच आहे. १८६५ साली तो मसुरीजवळ सापडला. १८७६ साली नैनितालजवळ शेवटचा मारला गेला. जगातील संग्रहालयांत त्याची जेमतेम डझनभर कातडी आहेत.

डोंगरउतारावरील उंच गवत हे त्याचे घर. थंड हवेची ठाणी वसली, तशी शिकार, चराई व वणवे वाढले, आणि यांनीच त्याचा घात केला असे मानतात. तथापि त्याची नोंद ‘नष्ट’ अशी नसून ‘अतिसंकटग्रस्त’ अशी आहे. गवतातून पळणारा व क्वचितच उडणारा पक्षी दिसला नाही म्हणजे मेला असे होत नाही. आमच्या महसुली दप्तरातही पुराव्यावाचून मयताचे नाव कमी होत नसे!

आपल्याकडील लावा व बटेर अद्याप आहेत; पण त्यांचेही घर गवतच. घरटे म्हणजे जमिनीवरील उथळ खळगा, आत पाचसहा अंडी. पिल्ले किडे टिपतात. पावसाळा सरता सरता धुरे एकदम साफ केल्यास वा त्यांवर तणनाशक मारल्यास घरटी उघडी पडतात. याकरिता निदान एका बाजूच्या धुऱ्याचे गवत पिल्ले उडेपर्यंत राखावे, आणि काडी लावण्यापूर्वी पडितातून एकवार फिरून यावे. फासे लावणाऱ्यांस शेतात येऊ देऊ नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे.