खारफुटीला खड्डा लागत नाही

“इतकी लाख रोपं लावली, आता किनारा सुरक्षित.” हे वाक्य बातम्यांत ऐकून झालं, भाषणांत ऐकून झालं, आणि अलीकडे ते आमच्या झरीत चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. झरी परभणी जिल्ह्यात. समुद्र कुठल्याही बाजूने शेकडो किलोमीटर लांब. इथल्या माणसाने खारफुटी पाहिली असलीच तर मुंबईच्या लोकलच्या खिडकीतून. वृक्षारोपण मात्र त्याने भरपूर पाहिलंय. राज्याचा संकल्प २०१६ साली दोन कोटी रोपांचा होता, पुढच्या वर्षी चार कोटींचा, मग तेरा आणि २०१९ साली तेहतीस कोटींचा. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप, हा विनोद गावोगाव जुना झालाय. तरीही २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात किनाऱ्यावर खारफुटी लावण्यासाठी ‘मिष्टी’ योजना आली, तेव्हा माळरानावरच्या आकड्यांना हसणारे हेच लोक समुद्रावरच्या आकड्यांपुढे माना डोलवू लागले.

तेव्हा आधी हा गैरसमज निकालात काढू. किती रोपं लावली, यावरून किनाऱ्याबद्दल काहीही कळत नाही.

फिलिपिन्सने दोन दशकांहून जास्त काळ खारफुटी लागवडीवर पाण्यासारखा पैसा ओतला. प्रिमाव्हेरा आणि एस्तेबान या संशोधकांनी २००८ साली त्याचा हिशोब मांडला. दीर्घकाळ टिकलेली झाडं साधारण १० ते २० टक्के निघाली. श्रीलंकेत २००४ च्या त्सुनामीनंतर लागवडीची लाटच आली होती. तिथल्या २३ ठिकाणांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या नऊ ठिकाणी एकही झाड शिल्लक नव्हतं. हजार ते बाराशे हेक्टरांवर लागवड झाली होती, त्यातलं जेमतेम दोनशे-सव्वादोनशे हेक्टर जगलं.

रोपं मेली ती लावणाऱ्यांनी कष्ट केले नाहीत म्हणून नव्हे. ती चुकीच्या जागी लावली होती.

खारफुटी भरतीच्या पट्ट्यात वाढते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला, एवढं कुणी लक्षात घेत नाही. समुद्राच्या सरासरी पातळीपासून उधाणाच्या रेषेपर्यंतची ती जागा असते. तिथे पाणी येतं आणि उतरतंही, आणि बराच वेळ मुळं उघडी राहतात. तिवर या खारफुटीच्या जातीच्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी जी मुळं वर आलेली दिसतात, ती श्वास घेण्यासाठी असतात. या जागेच्या खालचा जो चिखल ओहोटीला जेमतेम उघडा पडतो, तिथे ही मुळं बुडूनच राहतात. वर रोपाच्या खोडाला कठीण कवचाचे जीव चिकटतात आणि लाटांच्या माऱ्यात ते आडवं होतं.

मग लागवड नेमकी त्या खालच्या चिखलातच का होते? कारण त्या चिखलाला मालक नसतो. खारफुटीची खरी जागा कुणीतरी आधीच घेतलेली असते. फिलिपिन्समध्ये तिथे मासळीची तळी झाली, आपल्याकडे कुठे कोळंबीचे तलाव, कुठे भराव घालून बांधकाम. ती जागा परत मिळवायची म्हणजे भांडण, कोर्ट, नुकसानभरपाई. त्यापेक्षा मोकळ्या चिखलात रोपं खोचणं सोपं आणि फोटोही चांगला येतो.

जातही सोयीने निवडली जाते. कांदळ या जातीचं फळ झाडावर असतानाच कोंब काढतं. शेवग्याच्या शेंगेसारखा तो लांब हिरवा कोंब उचलायचा आणि चिखलात उभा खोचायचा. खड्डा नको, पिशवी नको, रोपवाटिका नको. शाळेची सहल अर्ध्या दिवसात हजारभर खोचू शकते. पण समुद्राच्या तोंडाशी निसर्गतः उभी राहते ती बहुतेक तिवर आणि चिप्पी. त्यांचं बी कांदळाच्या कोंबापेक्षा बरंच लहान, हाताळायला किचकट, म्हणून त्यांच्या वाट्याला समारंभ येत नाही. पांढरी चिप्पी हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे, ही घोषणा २०२० साली झाली. पण समारंभात आपण खोचतो कांदळच!

यावर हमखास प्रश्न येतो, “मग काहीच करायचं नाही का?” करायचं आहे, फक्त सुरुवात रोपापासून करायची नाही. तमिळनाडूतल्या पिचावरमचं उदाहरण घ्या. तिथलं कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, ब्रिटिश काळापासून पट्ट्यापट्ट्याने तोडलं गेलं. तोडलेल्या जागी ऊन थेट चिखलावर पडलं, जमीन खचून बशीसारखी खोलगट झाली, भरतीचं पाणी आत आलं ते तिथेच साचलं आणि आटत आटत मिठागराइतकं खारट झालं. तिथे कितीही रोपं लावली असती तरी जळालीच असती. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने १९९० च्या दशकात वनखात्याला आणि गावकऱ्यांना बरोबर घेऊन आधी चर खणले. मधून मोठा आणि दोन्ही अंगांना तिरके लहान, माशाच्या काट्यासारखे. पाणी पुन्हा येऊ-जाऊ लागलं, मातीतलं मीठ उतरलं, तेव्हा कुठे रोपांची पाळी आली. हीच पद्धत पुढे गोदावरी आणि कृष्णेच्या मुखाशी वापरली गेली.

लोकसहभागाचा अर्थ इथे कळतो. चरांमध्ये गाळ भरतो आणि तो काही वर्षांनी काढावाच लागतो. तो कोण काढणार? उद्घाटनाला आलेले पाहुणे नक्कीच नाहीत. ज्याची मासळी त्या पाण्यावर आहे, तोच काढेल. महाराष्ट्राने २०१२ साली स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला आणि २०१७ पासून किनाऱ्यावरच्या गावांत समित्या व गट करून खेकडापालन, कालवपालन असे व्यवसाय द्यायला सुरुवात केली. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. त्या होडीतून दिसणारी बहुतेक झाडं कुणी लावलेली नाहीत. त्यांना फक्त कुणी तोडलं नाही. लागवडीच्या आकड्यांत अशा झाडांचा पत्ता नसतो.

आता बाकीचे गैरसमज भराभर.

“कांदळवन असलं की चक्रीवादळाची भीती नाही.” शंभर मीटर रुंदीचं कांदळवन लाटेची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी करतं. पण वादळाबरोबर फुगून आत येणारं पाणी वेगळं. ते एका किलोमीटरमागे ५ ते ५० सेंटिमीटरच उतरतं. ओडिशातल्या १९९९ च्या महाचक्रीवादळाचा अभ्यास दास आणि व्हिन्सेंट यांनी २००९ साली मांडला. रुंद कांदळवनामागच्या गावांत माणसं कमी दगावली, हे त्यांना आढळलं. आणि वेळेवर मिळालेल्या सूचनेने त्याहून जास्त जीव वाचवले, हेही. हे दुसरं वाक्य भाषणांतून नेहमी गळतं.

“खारफुटीला मीठ आवडतं.” नाही. ती मीठ सोसते. तिवराच्या पानावर बोट फिरवून जिभेला लावा, झाडाने बाहेर टाकलेलं मीठ लागेल.

“सुरूचं बन म्हणजेच किनाऱ्याचं जंगल.” सुरू वारा अडवतो, वाळूची धूप थांबवत नाही आणि पुळणीवर दाट लावला तर कासवांच्या विणीची जागा खातो.

“तिवरांमुळे डास होतात.” डास साचलेल्या पाण्यात होतात. भराव टाकून भरती अडवली की पाणी साचतं.

“जागा खासगी असेल तर तोडता येतं.” मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ चा आदेश आणि २०१८ चा निकाल वाचावा. मालकी कुणाचीही असो, तोडायला मनाई आहे.

आणि एक खास आमच्याकडचा. “आपला काय संबंध?” झरीच्या शिवारात पडलेलं पाणी दुधना-पूर्णेच्या वाटेने गोदावरीत जातं आणि आंध्रात काकिनाड्याजवळ कोरिंगाच्या कांदळवनापाशी समुद्राला मिळतं. ते जंगल उभं आहे तेच गोदेने आणलेल्या गाळावर. समुद्राची पातळी चढत असताना तो गाळच त्याला पायाखाली जमीन देतो. जायकवाडी, येलदरी आणि खालची सगळी धरणं पाण्याबरोबर गाळही अडवतात. आंध्रातले संशोधक नागेश्वर राव आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दिलेले आकडे असे: १९७० च्या दशकात गोदावरीच्या मुखाशी वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ पोचत होता, २००० ते २००६ या काळात तो पावणेसहा कोटी टनांच्या आसपास आला. आमचं सिंचन त्याच धरणांवर चालतं, ती फोडा असं कुणी म्हणत नाही. पण कोरिंगात पुढे झाडं जगतात की नाही, हे ठरवणाऱ्यांत येलदरीची भिंतही आहे.