पोलादनगरीतील शाळा आणि हातकामाचा तास

भिलाई (छत्तीसगड) : तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी कार्यान्वित झाली. तेव्हापासून हे शहर हातांच्या कसबावर उभे आहे. फिटर, वेल्डर, टर्नर, क्रेनचालक, भट्टीवरचा कामगार ही येथील घराघरांतील ओळख. देशातील रेल्वेगाड्या ज्या रुळांवरून धावतात, त्यांतील फार मोठा भाग येथे तयार होतो. तरीही याच शहरातील शाळांच्या वेळापत्रकात हातकामाला आजवर मानाचे स्थान नव्हते. कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या मुलाने अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेत नाव काढावे, हेच येथील घरांचे स्वप्न राहिले आणि त्याच स्वप्नावर शिकवणी वर्गांची एक बाजारपेठ फोफावली.

आता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक शिक्षण हा अभ्यासक्रमाचाच भाग ठरल्याने या स्वप्नाशी त्याचे नाते काय, असा प्रश्न पालकांपुढे उभा राहिला आहे. सुतारकाम, बागकाम, विजेची जोडणी यांत मुलाचे तास खर्च व्हावेत काय? त्यातून त्याला पुढे काय मिळणार? या प्रश्नांची उत्तरे देण्याआधी मुळात काय ठरले आहे, हे पाहणे आवश्यक आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी मंजूर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने सुतारकाम, विद्युतकाम, धातुकाम, बागकाम, कुंभारकाम अशा कसबांची प्रत्यक्ष ओळख करून घ्यावी, असे म्हटले आहे. याच काळात केव्हातरी दहा दिवस दप्तराविना शाळा भरावी आणि त्या दिवसांत मुलांनी स्थानिक कारागिरांच्या हाताखाली काही शिकावे, अशीही तरतूद आहे. या सुधारणेची निकड धोरणाने आकड्यांत मांडली आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार भारतात १९ ते २४ वयोगटातील श्रमिकांपैकी औपचारिक व्यावसायिक शिक्षण मिळालेल्यांचे प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी होते. अमेरिकेत ते ५२, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के होते.

धोरण हे इच्छेचे शब्दरूप असते. त्याला वर्गाचे रूप दिले ते २०२३ च्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने. या आराखड्यात कामाचे तीन गट केले आहेत : सजीवांशी संबंधित काम, यंत्रे व साहित्य यांच्याशी संबंधित काम आणि मानवी सेवेचे काम. प्रत्येक विद्यार्थ्याने दरवर्षी प्रत्येक गटातील एक, म्हणजे तीन वर्षांत नऊ प्रकल्प पूर्ण करावयाचे आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने त्यासाठी ‘कौशल बोध’ ही पुस्तकमाला तयार केली. सहावीच्या पुस्तकात शाळेची परसबाग, जैवविविधता नोंदवही, साधने हाताळून वस्तू घडविणे, सचेतपट व खेळ, शाळेचे संग्रहालय आणि विस्तवाशिवाय स्वयंपाक असे सहा प्रकल्प आहेत. प्रत्येक गटात दोन प्रकल्प असून त्यांतून एक निवडावयाचा आहे. मूल्यमापनात लेखी परीक्षेचा वाटा लहान आहे. केलेले काम, त्याची नोंद आणि त्याविषयी तोंडी सांगता येणे यांना अधिक वजन आहे. वर्षाअखेरीस कौशल्य मेळाव्यात मुलांनी आपले काम मांडावे, अशी अपेक्षा आहे.

‘ऐच्छिक विषय’ या शब्दाने पालकांचा येथे हमखास गोंधळ होतो. या टप्प्यावर मूल एखादा व्यवसाय निवडत नाही. तिन्ही गटांतील काम सर्वांनीच करावयाचे आहे. निवड आहे ती गटातल्या प्रकल्पाची आणि तीही बहुधा शाळेजवळ काय उपलब्ध आहे, यावरून होणारी. खरीखुरी ऐच्छिक म्हणता येईल अशी दुसरी व्यवस्था केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाची आहे. मंडळाने सहावी ते आठवीसाठी १२ ते १५ तासांचे छोटे कौशल्य अभ्यासघटक उपलब्ध करून दिले असून कृत्रिम बुद्धिमत्ता, संगणकीय आज्ञावली, हस्तकला, आर्थिक साक्षरता, पर्यटन असे विषय त्यांत आहेत. अटल टिंकरिंग प्रयोगशाळा ही तिसरी वाट. २०१६ पासून सुरू झालेल्या या योजनेत निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि सहावी ते बारावीची मुले तेथे विद्युत मंडले, संवेदक, त्रिमितीय मुद्रक हाताळू शकतात.

या तिन्ही वाटांना जोडणारा शब्द ‘पूर्वव्यावसायिक’ असा आहे. ‘व्यावसायिक’ शिक्षण नववीपासून सुरू होते. त्याला राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याची पातळी असते आणि ते एखाद्या विशिष्ट कामासाठी तयारी करून घेते. सहावीतल्या मुलाला वेल्डर बनवावयाचे नाही, तर वेल्डिंग म्हणजे काय, ते कोण करतो, त्यात कोणती बुद्धी लागते, हे त्याला कळावे एवढाच हेतू आहे.

आता भिलाईकडे वळू. कारखाना, खाणी, रेल्वे, कार्यशाळा आणि तंत्रशिक्षण संस्था एकाच परिसरात असलेली शहरे देशात मोजकीच. दल्ली-राजहराचे लोहखनिज आणि नंदिनीचा चुनखडी दगड येथे येतो. झोतभट्टीतून तो रस होऊन बाहेर पडतो आणि शेवटी रूळ, पत्रे, सळया होऊन देशभर जातो. कुटेलाभाटा येथे भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा कायमस्वरूपी परिसर उभा राहिला असून फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. सहावीतल्या मुलाला वस्तू कशी बनते, हे दाखवण्यासाठी याहून समृद्ध गाव शोधून सापडणार नाही.

एक उदाहरण घेऊ. येथील कारखाना १३० मीटर लांबीचे रूळ एकसंध लाटतो आणि असे दोन जोडून २६० मीटरचा पट्टा रेल्वेकडे पाठवतो. पोलाद तापले की प्रसरण पावते, हे विज्ञानाच्या पुस्तकात एका वाक्यात असते. तेच हातकामाच्या तासात आणले तर? एक मीटर पोलाद एका अंश सेल्सिअसला मीटरच्या सुमारे साडेअकरा दशलक्षांशांनी वाढते. तापमान ३० अंशांनी वाढले आणि रूळ मोकळा ठेवलेला असला, तर २६० मीटरच्या पट्ट्याची वाढ सुमारे ९ सेंटिमीटर भरते. सातवीतले मूल हा गुणाकार करू शकते, मोजपट्टीवर ९ सेंटिमीटर पाहू शकते आणि मग रूळ जखडून का ठेवावा लागतो, हा प्रश्न त्याला आपोआप पडतो. त्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारा निवृत्त कामगार वसाहतीत शेजारीच राहत असतो. धोरणाला अपेक्षित असलेला ‘स्थानिक तज्ज्ञ’ भिलाईत बाहेरून आणावा लागत नाही, तो बहुधा मुलाचा आजोबाच असतो.

तथापि, हा आजोबा नातवाला काय सांगतो, हाही प्रश्न आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९९० च्या दशकापासून भिलाईच्या कामगारजीवनाचा अभ्यास केला. त्यांचा ‘क्लासेस ऑफ लेबर’ हा ग्रंथ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ‘नौकरी’ आणि ‘काम’ या दोन शब्दांत येथील श्रमिक जग कसे विभागले गेले आहे, हे त्यांनी दाखवले आहे. कारखान्यात कायम असलेल्याची ती नोकरी; ठेकेदाराकडे रोजंदारीवर राबणाऱ्याचे ते काम. हत्यारे अनेकदा तीच, उष्णता तीच, पण वेतन, घर, उपचार आणि मुलांची शाळा यांत जमीन-अस्मानाचे अंतर. कायम कामगारांची संख्या गेल्या काही दशकांत घटत गेली आणि ठेक्यावरील कामाचा वाटा वाढला.

पालकांच्या अनिच्छेचे मूळ येथे आहे. हाताने काम करण्याची त्यांना लाज वाटते, असा सोपा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. कसब असूनही ठेक्यावरच राहिलेली माणसे त्यांनी पाहिली आहेत. आपल्या मुलाला ‘कामा’कडे नेणारी वाट म्हणून ते या तासाकडे पाहत असतील, तर त्यांचे भय निराधार नाही. सेक्टरमधील मुलाला त्रिमितीय मुद्रक आणि ठेका कामगाराच्या वस्तीतील मुलाला केवळ कुंडी भरण्याचे काम मिळाले, तर ते भय खरेच ठरेल. मुलींना स्वयंपाक आणि मुलांना यंत्रे, ही वाटणीही शाळांत सहज घडते. आराखड्याने तिन्ही गट सर्वांना बंधनकारक केले आहेत, ते महत्त्वाचे आहे ते यामुळे.

कायद्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. सहावी ते आठवीची मुले साधारण ११ ते १४ वर्षांची. कारखाने अधिनियम, १९४८ नुसार १४ वर्षांखालील मुलाला कारखान्यात कामावर घेता येत नसे आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्याने शाळेबाहेरच्या वेळेतील कौटुंबिक उद्योगासारखे मोजके अपवाद वगळता या वयाच्या मुलांना सर्वच कामांवर ठेवण्यास मनाई केली आहे. म्हणून दप्तराविना दिवसांत मूल कार्यशाळेत जाते ते शिकण्यासाठी, उत्पादनासाठी नव्हे. पोलाद कारखान्याच्या बाबतीत तर सावधगिरी दुप्पट हवी. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी येथील वायुवाहिनीच्या स्फोटात अनेक कामगार मृत्युमुखी पडले. मुलांची भेट आखताना कोणता विभाग दुरून पाहायचा आणि कोणता पाहायचाच नाही, हे आधी ठरलेले असावे. व्हर्निअर कॅलिपरने मोजमाप घेणे, पान्याने नट आवळणे, फळीवर रंधा मारणे ही कामे शाळेच्या खोलीतही होतात आणि ती पुरेशी शिकवणारी आहेत.

या प्रदेशाला ही कल्पना नवखी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तेथून डॉ. झाकीर हुसेन समितीची मूलोद्योग शिक्षणाची योजना निघाली. तेव्हा वर्धा आणि दुर्ग हे दोन्ही जिल्हे मध्य प्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होते आणि त्याची राजधानी नागपूर होती. सूतकताईच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च भागावा, या अपेक्षेवर त्याच काळी टीका झाली. तिच्यातून मुलांचे श्रम वापरले जातील, ही शंका आजही तितकीच समर्पक आहे. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभव सुचवला, १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य. महाराष्ट्रात शिकलेल्या पिढीला कार्यानुभवाचा तास आठवत असेलच. त्या तासाला गणिताचा राहिलेला धडा पुरा होत असे.

याला सणसणीत अपवाद ठरले ते पुणे जिल्ह्यातील पाबळ. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख करून देणारा अभ्यासक्रम माध्यमिक शाळांत नेला. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य अशा चार विभागांत मुले आठवड्यातून एक दिवस गावाला उपयोगी पडणारे काम करत आली. पाबळचा धडा असा की, हा विषय टिकतो तो शिकवणाऱ्यामुळे. तेथे गावातलाच हुन्नरी माणूस शिकवू शकतो. त्याला पदवीची अट घालून दारात अडवले जात नाही. भिलाईत असे हुन्नरी अनेक आहेत, पण शाळांना त्यांना मानधन देऊन बोलावण्याची मोकळीक हवी. भाषेचा किंवा शारीरिक शिक्षणाचा शिक्षकच पुस्तक हाती घेऊन हा तास घेणार असेल, तर परसबागेचा प्रकल्पही फळ्यावरच उगवेल.

भोपाळ येथील पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेने दप्तराविना दिवसांसाठी मार्गदर्शक सूचना तयार केल्या असून त्या जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. विज्ञान, पर्यावरण व तंत्रज्ञान. सार्वजनिक कार्यालये, स्थानिक उद्योग व व्यापार. कला, संस्कृती व इतिहास या तीन विषयसूत्रांतून शाळांनी निवड करावी, असे त्यांत म्हटले आहे. छत्तीसगडमधील शाळेला पोलादाइतकेच जवळचे दुसरेही धातुकाम आहे. बस्तरमध्ये मेणाचा साचा करून ढोकरा मूर्ती ओतणारे कारागीर आणि लोखंड ठोकून दिवे व आकृत्या घडवणारे लोहार आहेत. झोतभट्टी आणि मेणाचा साचा एकाच आठवड्यात पाहिलेल्या मुलाला धातू ओतणे म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागणार नाही.

पुढील वाटेविषयी थोडे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डर, वायरमन, सुतार अशा काही अभ्यासक्रमांना आठवी उत्तीर्ण विद्यार्थी पात्र असतो, तर फिटर, इलेक्ट्रिशियन यांना दहावी लागते. आठवीनंतर लगेच ती वाट धरावी, असा या नव्या तासाचा हेतू नाही. केंद्रीय मंडळाच्या शाळांत नववीला सहावा विषय म्हणून कौशल्य विषय घेता येतो. दहावीत विज्ञान, गणित किंवा सामाजिक शास्त्रांपैकी एका विषयात विद्यार्थी अनुत्तीर्ण झाला आणि कौशल्य विषयात उत्तीर्ण असला, तर निकालात तो विषय त्याच्या जागी धरला जातो. तो विषय निवडायचा की नाही, हे ठरवण्याची वेळ आठवीच्या उन्हाळी सुट्टीत येते. तोवर मुलाने नऊ प्रकल्प खरोखर हाताने केले आहेत की फक्त वहीत उतरवले आहेत, हे त्याच्या नोंदवहीची पाने उलटली की पालकांना कळू शकते.