बॅटरीवरील ग्रास कटर : सुरक्षित वापर आणि चार्जिंगची योग्य पद्धत

पावसाळ्यात बांध, फळबागेतील दोन ओळींमधील पट्टा आणि गोठ्याभोवतीची जागा येथे गवत झपाट्याने वाढते. मजूर वेळेवर मिळत नसल्याने बरेच शेतकरी बॅटरीवर चालणारे ग्रास कटर घेऊ लागले आहेत. पेट्रोलवरील ब्रश कटरपेक्षा हे यंत्र हलके असते, आवाज कमी करते आणि त्यात तेल-पेट्रोलचे मिश्रण भरावे लागत नाही. मात्र, ते एका बोटाने क्षणात सुरू होते. हीच सोय दुखापतीचे कारण ठरू शकते. दुसरा मुद्दा बॅटरीचा. फवारणी पंपाची बॅटरी सांभाळताना लागलेल्या सवयी कटरच्या बॅटरीला बहुतांशी लागू पडत नाहीत.

पंपाची आणि कटरची बॅटरी यातील फरक

अनेक फवारणी पंपांत १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. ती वापरानंतर लगेच चार्ज करावी आणि पूर्ण चार्ज ठेवावी लागते. कटरमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. ती वजनाने हलकी असली तरी जादा चार्जिंग, उष्णता आणि आपटणे तिला सोसत नाही.

लिथियम-आयनचा एक सेल साधारणपणे ४.२ व्होल्टला पूर्ण चार्ज होतो. म्हणजे ३ सेलची ‘१२ व्होल्ट’ बॅटरी १२.६ व्होल्टला भरते. लेड-ॲसिड पंपाचा चार्जर मात्र सुमारे १४ व्होल्टपर्यंत दाब देतो. पिन बसते म्हणून हा चार्जर कटरला लावल्यास सेल जादा चार्ज होऊन फुगतात, तापतात आणि पेट घेऊ शकतात. त्यामुळे कटरसोबत आलेला किंवा त्याच कंपनीने त्या बॅटरीसाठी सांगितलेला चार्जरच वापरावा. काही नव्या पंपांतही लिथियम बॅटरी असते. त्यामुळे प्रत्येक चार्जरवर रंगाने किंवा चिकटपट्टीने खूण करून ठेवावी.

चार्जिंग करताना

- काम संपल्यावर बॅटरी गरम असते. ती सावलीत हाताला थंड लागेपर्यंत ठेवून मगच चार्जिंगला लावावी. उन्हात, पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत चार्ज करू नये. ४५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापमानात चार्जिंग टाळावे.
- कडबा, भुसा, बारदान, डिझेल, खते आणि कीडनाशके यांच्याजवळ चार्जिंग करू नये. फरशी किंवा सिमेंटच्या कोब्यावर, हवेशीर आणि ये-जा असलेल्या जागी बॅटरी ठेवावी. बाहेर पडण्याच्या दारात किंवा जिन्याखाली चार्जिंग करू नये.
- रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नये. पूर्ण चार्ज झाल्याचा दिवा लागला, की प्लग काढावा.
- मोटारीच्या पेटीतून तात्पुरती वायर ओढून चार्जर लावू नये. दोन फेजमधील दाब सुमारे ४१५ व्होल्ट असतो, तर चार्जर साधारण २३० व्होल्टसाठी बनवलेला असतो. न्यूट्रलऐवजी अर्थिंगची तार वापरणे तर जीवघेणे आहे. सौर पंपाच्या कंट्रोलरलाही चार्जर थेट जोडू नये.
- फुगलेली, तडा गेलेली, पाण्यात पडलेली किंवा उग्र वास येणारी बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. ती उघडून सेल बदलण्याचा प्रयत्न करू नये. घरापासून व चाऱ्यापासून दूर ठेवून विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.

बॅटरीने पेट घेतल्यास आधी मेन स्विच बंद करावा, माणसे व जनावरे दूर न्यावीत आणि १०१ किंवा ११२ क्रमांकावर कळवावे. धूर विषारी असतो, तो छातीत जाऊ देऊ नये. विझल्यासारखी दिसणारी बॅटरी पुन्हा पेटू शकते, म्हणून तिला लगेच हात लावू नये.

कटर चालवताना

- दोरी गुंडाळणे, पाते बदलणे, अडकलेले गवत काढणे यापूर्वी प्रत्येक वेळी बॅटरी बाहेर काढावी. केवळ बटण सोडणे पुरेसे नाही. काम थांबवून चहाला जातानाही बॅटरी सोबत न्यावी, म्हणजे मुलांच्या हाती चालू होणारे यंत्र लागणार नाही.
- गार्ड काढून कटर चालवू नये. नायलॉन दोरीऐवजी तार किंवा साखळी लावू नये. तिचा तुटलेला तुकडा गोळीसारखा सुटतो.
- गॉगल, फुल पँट आणि बूट वापरावेत. चपलेवर काम करू नये. उडालेला बारीक खडा डोळा कायमचा निकामी करू शकतो. इतर माणसे व जनावरे किमान १५ मीटर दूर ठेवावीत.
- आधी बांधावरून काठी आपटत फेरी मारावी. दगड, काच, तारेचे तुकडे उचलावेत, साप असल्यास दूर जाऊ द्यावा. ठिबकच्या लॅटरल बाजूला घ्याव्यात.
- पावसात किंवा ओल्या गवतात काम करू नये.

झाडांची आणि तणांची काळजी

फिरणारी दोरी लहान कलमांची साल सहज सोलते. सालीच्या आतील भागातून पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाते. साल खोडाभोवती पूर्ण गोल निघाली, तर मुळांचे पोषण थांबून झाड हळूहळू वाळते. आंबा, काजू, डाळिंब यांच्या नव्या बागेत खोडाभोवती एक ते दीड फूट जागा खुरप्यानेच स्वच्छ करावी आणि तेथे आच्छादन करावे.

गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी कापावे. त्याच्या उडणाऱ्या कणांमुळे त्वचेला व श्वसनाला त्रास होतो, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि मास्क वापरावा. लव्हाळा जमिनीतील गाठींपासून पुन्हा फुटतो. कटरने त्याची उंची कमी होईल, बंदोबस्त होणार नाही.

खरेदी आणि साठवण

१८ व्होल्ट आणि ४ ॲम्पिअर-अवर बॅटरीत ७२ वॅट-तास ऊर्जा मावते. मोटारीने २५० वॅट घेतल्यास ती सुमारे १७ मिनिटे चालेल. त्यामुळे मोठ्या बागेसाठी खरेदीच्या वेळीच दुसरी बॅटरी घ्यावी. एका चार्जिंगला साधारण ०.१ युनिट वीज लागते. फक्त व्होल्टचा मोठा आकडा पाहून निवड करू नये, ॲम्पिअर-अवर, सुटे भाग आणि जवळची दुरुस्ती सेवा पाहावी.

हंगाम संपल्यावर बॅटरी यंत्रातून काढून साधारण निम्मी चार्ज असताना कोरड्या, थंड जागी ठेवावी. दोन-तीन महिन्यांनी तपासून गरजेपुरतीच चार्ज करावी. तिच्या टोकांना खिळे, नाणी किंवा तारेचा स्पर्श होणार नाही, याची खात्री करावी.