घरच्या घरी वजन उचलण्याची तालीम



सांगलीच्या पानटपरीवाल्याचा पोरगा संकेत सरगर. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून त्याने रौप्यपदक मिळवले. आपल्या बुलढाण्याची पोरं-पोरीही आता घरी साहित्य मागतात. द्या, पण बेतानं.

बेण्यात काटकसर करीत नाही, तशी दांड्यातही करू नका. पुरुषांचा दांडा २० किलोचा, महिलांचा १५ किलोचा. चकत्या जुन्या चालतील. पाण्याचा पाइप मात्र नको. तो वाकतो अन् चकती पायावर येते. युरियाची ४५ किलोची गोणी वाळूने भरली तर वजन दुपटीच्या आसपास जाते. म्हणून सुरुवातीला पाव गोणीच भरा, काट्यावर तोला. फरशीपेक्षा दाबलेली माती बरी.

घाई नको. कंबर गेली, तर उसाची मोळीसुद्धा उचलवत नाही.

— ऊस विकास अधिकारी