मॅटाडोर सुरू होत नाही

रत्नागिरीत पन्नाशी उलटलेल्या माणसाला मॅटाडोर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. लग्नाचं वऱ्हाड, मिरकरवाड्याची मासळी, नाटकाचे पडदे, क्रिकेटच्या टीमा, सगळं तिच्यातूनच जायचं. मूळ गाडी जर्मनीची. हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीने ती 1949 साली काढली. त्याच कंपनीच्या सहकार्याने 1958 साली बजाज टेम्पो उभी राहिली आणि पुढे पुण्याच्या आकुर्डीतून मॅटाडोर महाराष्ट्रभर पसरली. बजाज टेम्पोचं 2005 साली फोर्स मोटर्स झालं. मॅटाडोर बनायची तर कधीच थांबली. पण कोकणातल्या अंगणांत, माडांच्या आडोशाला, अजून एखादी उभी दिसते. बहुतेक वेळा बंद.

अशीच एक माझ्या थोरल्या भावाची. आम्ही त्याला भाई म्हणायचो. आखातातली नोकरी संपवून आल्यावर त्याने 1994 च्या मॉडेलची ही गाडी जुनी म्हणून घेतली. मागे दोन लाकडी बाकं टाकली. रात्री त्यांच्यावर फळी ठेवली की चौघांची झोपायची सोय. एक स्टो, पाण्याचा कॅन, खिडक्यांना भाबीने शिवलेले पडदे. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, तेव्हा भाई पेपर दाखवून म्हणाला, 'हे आता करतायत, आपण कधीच करून बसलोय.' आंबा घाट चढून कोल्हापूर, सोलापूर, एकदा थेट हैदराबाद. माझ्या कितीतरी कविता त्या मागच्या बाकावर लिहिल्या गेल्या. त्या बऱ्या की वाईट, हा प्रश्न वेगळा.

भाई गेला मार्च महिन्यात. गाडी तेव्हापासून उभी. अख्खा पावसाळा तिने माडाखाली काढला. दसरा झाल्यावर भाबी म्हणाली, 'सुरू होत असेल तर ठेवू, नाहीतर भंगारवाला सोमवारी येतोच आहे.' बंद गाडीचा भाव लोखंडाच्या वजनावर ठरतो, चालू गाडीचा गाडी म्हणून. शिवाय भाबीच्या मनात भावापलीकडचंही काही होतं. ते ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही.

आधी एका गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने चावी फिरवली, 'टक' असा आवाज आला. बॅटरी गेली, म्हणाला. नवी घातली. पुन्हा 'टक'. मग सेल्फ गेला. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी विजेची मोटर. ती काढून, भरून, परत बसवली. पुन्हा 'टक'. तेव्हा निदान झालं, की इंजिनच जाम आहे, खोलावं लागेल, आणि एवढ्या जुन्या गाडीला तेवढा खर्च करू नका. तोवर खर्च झालाच होता.

मग मला राजिवड्याचे मिस्त्रीचाचा आठवले. चाळीस वर्षं त्यांनी डिझेल गाड्यांवर काढली. आता डोळ्यांनी कमी दिसतं. रविवारी सकाळी रिक्षाने त्यांना घेऊन आलो. ते अंगणात खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, 'हात तुमचे, कान माझे. मी सांगेन ते करा आणि दिसेल ते बोला.' मी बी.ए., तोही मराठीचा. पाना कुठल्या बाजूला फिरवायचा इथपासून सुरुवात होती.

त्यांचा पहिला प्रश्न मला फार आवडला. 'गाडी कुठपर्यंत येते आणि कुठे थांबते?' चावी फिरवल्यावर काहीच होत नाही, नुसती 'टक' होते, इंजिन फिरतं पण पेटत नाही, किंवा पेटून विझतं. हे चार वेगळे आजार आहेत, आणि आपण सगळ्यांना एकच नाव देतो, 'सुरू होत नाही'. डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'बरं नाही' म्हणण्यासारखंच.

आधी जाम असल्याचा आरोप तपासला. चावी बंद, गाडी सपाटीवर, आसपास मूल-बाळ नाही याची खात्री. चौथा गिअर टाकून दोन पुतण्यांनी गाडी ढकलली. ती अडखळत, फुसफुसत, पण हलली. चाकं इंजिनाला फिरवत होती. म्हणजे इंजिन जाम नव्हतं. दोन मिनिटांचं काम, पण ते आधी कुणी केलं नव्हतं.

गिअर काढला, हँडब्रेक ओढला. 'आता पुढचे दिवे लावा आणि चावी मारा. दिवे काय करतात ते बघा.' ही परीक्षा कुणालाही करता येईल, म्हणून जरा सावकाश सांगतो. चावी मारल्यावर दिवे अगदी मंदावले किंवा विझले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढला आहे. मीटर असेल तर स्वस्थ बॅटरी साडेबारा व्होल्टच्या थोडी वर दाखवते. बारावर आली की ती जवळजवळ रिकामी समजायची. थर असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावा, सुकवून घट्ट आवळावं, वरून व्हॅसलिन लावावं. टर्मिनल काढताना आधी वजा बाजू, लावताना ती शेवटी. आणि जवळ विडी-काडी नको. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

आमचे दिवे मात्र तसूभरही मंदावले नाहीत. लख्ख राहिले आणि आतून फक्त 'टक'. चाचा खुर्चीत पुढे सरकले. 'पुन्हा मारा. आणि ॲक्सिलेटरच्या वायरला हात लावून बघा.' मॅटाडोरचं इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच, झाकणाखाली असतं. मी झाकण उघडलं, पुतण्याने चावी मारली, आणि मी हात झटकन मागे घेतला. ॲक्सिलेटरची केबल चटका बसण्याइतकी तापली होती.

'अर्थिंग,' चाचा म्हणाले.

वीज बॅटरीच्या अधिक टोकातून निघते आणि तिला वजा टोकाला परत यावंच लागतं. गाडीत परतीसाठी वेगळी तार नसते. चेसिसचं लोखंड हीच परतीची वाट. पण इंजिन रबराच्या ठोकळ्यांवर बसवलेलं असतं, म्हणून चेसिसपासून तुटक असतं. ते जोडायला तांब्याच्या विणलेल्या तारांची एक पट्टी असते. दिव्यांची वीज थेट चेसिसमधून परत जाते, म्हणून दिवे लख्ख. सेल्फची वीज मात्र इंजिनातून या पट्टीवाटे परतते. पट्टी कुजली असेल तर वीज दुसरी वाट शोधते. आमच्या गाडीत तिला सापडली होती ती बिचारी ॲक्सिलेटरची केबल.

आता तुम्ही म्हणाल, पट्टी अगदी तुटलेली नव्हती, मग अडलं कुठे? डिझेल इंजिनाचा सेल्फ दोनशे अँपिअरच्या घरात वीज खेचतो. वाटेत नुसता दोन शतांश ओहम अडथळा आला, तरी बारातले चार व्होल्ट तिथेच खर्च होतात. शाळेत ओहमचा नियम मी घोकला होता, कळला त्या दिवशी. गंजलेल्या नळातून तांब्या भरतो, पण त्याच नळावर माडांची बाग शिंपायला गेलात तर? तसंच हे.

खात्री करायची रीत सोपी. चाचांनी जाड जंपर केबल मागवली. तिचं एक टोक बॅटरीच्या वजा टर्मिनलला, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. चावी मारली आणि इंजिन गरगरा फिरलं! पेटलं नाही, पण फिरलं. ओटीवर भाबी येऊन उभी राहिली.

गाडीखाली घुसून ती पट्टी काढली तेव्हा हिरवी भुकटी हातात आली. पाच-सहा धागे तेवढे शाबूत होते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि वाऱ्याला बाराही महिने समुद्राचं मीठ. घाटावरच्या गाडीत ही पट्टी कदाचित गाडीइतकी जगेल. इथे दर दोन-तीन वर्षांनी तिच्याकडे बघावं. नवी पट्टी आली चहा-नाश्त्याच्या पैशांत. बॅटरी आणि सेल्फवर काय गेलं होतं ते सांगत नाही. भाबी हा पेपर वाचते.

अर्धी लढाई झाली होती. इंजिन फिरत होतं पण पेटत नव्हतं. इथे डिझेल आणि पेट्रोल यांच्या वाटा फुटतात. जुन्या पेट्रोल व्हॅनमध्ये ठिणगी लागते, आणि पावसाळ्यानंतर बहुधा डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत किंवा प्लगच्या वायरींवर ओल असते. कोरड्या फडक्याने पुसलं की पुष्कळदा भागतं. डिझेल इंजिनात ठिणगीच नाही. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1897 साली नीट चाललं ते याच तत्त्वावर. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापते, आणि त्यात तेलाचा फवारा सोडला की तो पेट घेतो. आमच्यासारख्या इंजिनात हवा वीस-एकवीस पट दाबली जाते, तिचं तापमान पाचशे अंशांच्या वर जातं. थंड इंजिनात ही उष्णता भिंतीच खाऊन टाकतात, म्हणून सुरुवातीला मदतीला हीटर प्लग असतात.

'धूर बघा,' चाचा म्हणाले. इंजिन फिरताना मागून पांढरा धूर आला, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. धूरच नाही, तर डिझेल पोचतच नाही. आमच्याकडे धुराचा पत्ता नव्हता. सात महिन्यांत रबरी नळीला बारीक तडे गेले होते. गंमत अशी, की अशा तड्यातून डिझेल गळेलच असं नाही, पण हवा आत जाते. आणि हवा पंपात शिरली की पंप तीच दाबत बसतो, नोझल उघडतच नाही. मेकॅनिक म्हणतात, 'एअर घेतलीय.' नळी बदलली. फिल्टरच्या खालचा बोल्ट सैल केला तर आधी पाणीच निघालं, वाटीभर. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर दमट हवेत राहिली, की आत असं पाणी साठतं. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहिलो. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आली की स्क्रू आवळायचा.

एक इशारा. चालत्या इंजिनाच्या नोझलजवळ बोट नेऊ नका. तो फवारा कातडीतून आत शिरतो आणि जखम सुईएवढी दिसली तरी बोट गमवायची पाळी येते. दुसरं, लवकर सुरू व्हावी म्हणून ईथरचा फवारा मारायची काहींना सवय असते. हीटर प्लगच्या गाडीत ते करू नये, आतल्या आत स्फोट होतो. तिसरं, चावी एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. मधे मिनिटभर थांबा, नाहीतर भरलेला सेल्फ पुन्हा जळेल. आणि पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीची चावी तर फिरवूच नका. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा हा धडा पुष्कळांना महागात मिळाला असणार. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना इंजिन फिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग खरोखरच इंजिन खोलावं लागतं.

आता चावी मारली तर पांढरा धूर, भरपूर. म्हणजे डिझेल पोचलं, उष्णता कमी. प्लगची वायर काढून, बल्बचं एक टोक बॅटरीच्या अधिकला आणि दुसरं प्लगच्या टोकाला लावायचं. बल्ब पेटला तर प्लग जिवंत. आमच्या चारांपैकी दोन मेलेले निघाले. फार जुन्या काही इंजिनांत हे प्लग माळेसारखे जोडलेले असतात, एक गेला की चारही गार. आमचे सुटे होते म्हणून दोघांवरच निभावलं. रविवारी उघडं असलेलं दुकान शोधायला मारुती मंदिरापासून जयस्तंभापर्यंत स्कूटरवर हिंडलो, ते रामायण सोडून देतो.

दुपारच्या अजानच्या जरा आधी मी चावी अर्धी फिरवून वीसपर्यंत मोजलं. मग पूर्ण. एक सिलिंडर खोकला, मग दुसरा, मग चारही, आणि अंगणभर निळसर-पांढरा धूर. माडावरचे कावळे उडाले. चाचा डोळे मिटून ऐकत होते. 'तिसरा थोडा लंगडतोय, गरम झाला की सरळ होईल.' झाला.

भाबी ओटीवरून उतरली, काही न बोलता डावीकडच्या सीटवर येऊन बसली. पदर सावरत म्हणाली, 'भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन येऊ.'

'भाबी, कागदपत्रं बघायला हवीत,' मी म्हणालो. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि एप्रिल 2022 पासून त्याचं शुल्कही बरंच वाढलं. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचा निर्बंध मात्र दिल्लीकडचा, आपल्याकडे तो नाही. भाबीने डॅशबोर्डचा कप्पा उघडला. नोंदणी, विमा, पीयूसी, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत. विमा आणि पीयूसी तिने ऑगस्टमध्येच पुतण्याकडून करून घेतले होते. बंद गाडीचे.

आम्ही निघालो. मागच्या बाकावर चाचा. पुलावर वारा होता. परत वळायला गाडी थांबवली, तेव्हा माझा हात सवयीने चावीकडे गेला आणि चाचा मागून ओरडले, 'बंद करू नका!' बॅटरीचा लाल दिवा अजून विझला नव्हता. डायनामोचा पट्टा ढिला होता, बॅटरी भरत नव्हती. ते काम सोमवारवर टाकलं. भंगारवाल्याला भाबीने रात्रीच फोन केला.