दार कोणत्या बाजूस उघडतें?

घर घेतांना आपण हवा, उजेड व पाणी पाहतों; जिना मात्र कोणी फारसा पाहत नाहीं. तो कां पाहावा, हें न्यूयॉर्क शहरांतील एका दुर्घटनेवरून ध्यानांत येईल.

ता. २५ मार्च १९११ रोजीं, काम सुटतां सुटतां, तेथील ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यास आग लागली. कारखाना दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर होता. नवव्या मजल्यावर एका जिन्याचें दार कुलूपबंद होतें. बाहेरची लोखंडी शिडी माणसांच्या भारानें कोसळली. १४६ जीव गेले, त्यांत बहुतेक स्त्रिया. सर्वांत लहान मुली अवघ्या चौदा वर्षांच्या! इमारत मात्र अग्निरोधक. ती आजही उभी आहे.

त्या राज्याचा कायदा तर आगीपूर्वींच होता : कामाच्या वेळीं दारास कुलूप नसावें व शक्य तेथें तें बाहेरच्या बाजूस उघडावें, कारण गर्दीचा रेटा बसला म्हणजे आंत उघडणारें दार उघडतच नाहीं.

आपल्या जिन्यांत सायकल, चपलांचें कपाट, जुनी गादी नाहीं ना? दुसऱ्या जिन्याची किल्ली कोणापाशीं असते? वाचकहो, आज सायंकाळीं मुलांना बरोबर घेऊन तो जिना एकदां उतरून पाहा.